पप्पांना डायलॉग समजंना: घरातल्या थिएटरची गोष्ट

आवाज येतोय ना? आज हे विचारायला खास कारण आहे, कारण आजचा एपिसोड आवाजावरच आहे. जे वाचतायत त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला एपिसोड. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय. बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या दिवाळीत मी परतूरला घरी होम थिएटर लावलं. पाच स्पीकर, एक सबवूफर, एक रिसीव्हर. पुण्यातल्या मित्रांना वाटलं, पगार वाढलाय पोराचा. खरं कारण वेगळं होतं. पप्पांनी टीव्ही बघणं सोडलं होतं.

म्हणजे एकदम सोडलं असं नाही. आधी आवाज वाढला. वीसवरून तीस, तीसवरून पंचेचाळीस. मग शेजारच्या काकू आईला हसत हसत म्हणाल्या, "काल तुमच्याच घरातून सगळी सिरियल ऐकली बघा." त्यानंतर पप्पा जेवण झालं की बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागले. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "काय बघायचं त्यात, सगळा गोंगाट. बोललेलं समजंना." पप्पांनी आयुष्यभर जिनिंगमध्ये काम केलं. कापसाच्या सीझनमध्ये दिवस-रात्र त्या मशीनच्या आवाजात. कानाला काही लावायचं असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

मी इंजिनियर माणूस. माझ्या डोक्यात लगेच आलं, टीव्हीचे स्पीकर बेकार आहेत, चांगले लावू, प्रॉब्लेम सॉल्व्ह. तो सॉल्व्ह करता करता मी शंभर वर्षं मागे गेलो. तीच गोष्ट आज सांगतो.

सुरुवात मुंबईपासून. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमा. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट. त्याआधी १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला होता, पण तो मुका. मुक्या सिनेमाला आवाज नव्हता असं नाही हं. पडद्यापुढे बसून कुणीतरी पेटी-तबला वाजवायचं. पण पात्रांच्या तोंडातून आवाज येणं ही गोष्ट १९३१ ची. 'आलम आरा'चं शूटिंग बरंचसं रात्री झालं, कारण स्टुडिओच्या शेजारी रेल्वेचे रूळ होते आणि गाडी गेली की रेकॉर्डिंग खराब. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमचं घर स्टेशनच्या अंगाला आहे. परतूरचं स्टेशन निजामाच्या काळातल्या मनमाड-काचीगुडा लाइनवर. गाडी आली की आमच्या घरात सगळे आपोआप गप्प बसतात आणि गाडी गेली की वाक्य तिथून पुढे चालू करतात. पाहुण्यांना हे फार विचित्र वाटतं. पुढच्याच वर्षी, १९३२ ला, कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' केला. पहिला मराठी बोलपट.

आता त्याच १९३१ साली तिकडे लंडनमध्ये अॅलन ब्लमलिन नावाचा एक तरुण इंजिनियर होता. वय अठ्ठावीस. म्हणजे साधारण माझ्याएवढा. असं सांगतात की तो होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट बघायला गेला आणि त्याला एक गोष्ट खटकली: नट पडद्याच्या एका टोकाला उभा आहे आणि आवाज भलतीकडूनच येतोय, कारण स्पीकर एकच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याने पेटंट दाखल केलं. ज्याला आपण आज स्टिरिओ म्हणतो ते. दोन कान आहेत तर दोन आवाज द्या, मग आवाज कुठून येतो हे मेंदू स्वतःच ठरवतो.

तुम्ही आता हेडफोन लावून ऐकत असाल तर माझा आवाज डोक्याच्या अगदी मधोमध वाटेल. तिथे स्पीकर नाहीये. डाव्या आणि उजव्या कानात एकच आवाज एकाच वेळी पोचतोय, म्हणून मेंदूला वाटतं की तो मधून येतोय. हा मधला आवाज म्हणजे भास आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या भासात एक अडचण आहे. तुम्ही बरोबर मध्ये बसलात तरच तो मध्ये. जरा डावीकडे सरकलात की सगळा आवाज डाव्या स्पीकरमधून. २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेत बेल लॅब्सच्या लोकांनी एक प्रयोग केला. फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि तो टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या हॉलमध्ये ऐकवला. तीन माइक, तीन लाइन, तीन स्पीकर. डावा, उजवा आणि मधला. हॉलमध्ये लोक सगळीकडे बसलेले असतात, सगळ्यांना मधोमध खुर्ची देता येत नाही, म्हणून मधला स्पीकर खराखुरा लागतो. थिएटरमध्ये पडद्यामागे बारीक भोकांआड जो स्पीकर असतो, ज्यातून डायलॉग येतात, त्याचं मूळ हे.

बरं, हे झालं तिकडचं. आमच्या भागात आवाज कसा आला?

आजी सांगायची ते तंबूतल्या सिनेमाचं. टुरिंग टॉकीज. जत्रेला ट्रक यायचा, तंबू लागायचा, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, खाली जमीन. मशीन फटफट करायची, जनरेटर वेगळा फटफट करायचा, आणि आवाज यायचा कर्ण्यातून. तोच पत्र्याचा कर्णा, जो दिवसा गावात फिरून "आज रात्री ठीक नऊ वाजता" ओरडायचा. पश्चिम महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत जत्रांत असे तंबू लागायचे, त्यांच्यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही फार सुंदर डॉक्युमेंटरी आहे, २०१६ ची. जमलं तर बघा. आजीला मी विचारलं होतं, "कर्ण्यातून बोललेलं समजायचं का गं?" ती म्हणाली, "न समजायला काय झालं? कर्णा बोलण्यासाठीच असतोय." तेव्हा मी हे सोडून दिलं. आता कळतं की म्हातारी शंभर टक्के बरोबर बोलली होती. कर्ण्यात बास नसतो. तो माणसाच्या आवाजाचा मधला पट्टा तेवढा पकडतो आणि लांब फेकतो. संगीताची वाट लागते, पण बोलणं पोचतं.

मग टीव्ही. दिल्लीला १९५९ ला प्रयोग सुरू झाले, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला. मराठवाड्यात टीव्ही पोचायला बराच वेळ लागला. १९८२ हे वर्ष मोठं. १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण, नोव्हेंबरमध्ये दिल्लीत एशियाड. पुढच्या वर्षी इन्सॅट-१ बी उपग्रह वर गेला आणि मग १९८४ मध्ये देशभर छोटे ट्रान्समीटर धडाधड उभे राहिले. आमचा जालना जिल्हा स्वतःच तेव्हा नवाकोरा होता, १ मे १९८१ चा. परतूर त्याआधी परभणीत.

पप्पांच्या सगळ्या आठवणी इथून पुढच्या. पत्र्यावर लांब पाइप, पाइपाला अँटेना, खाली बूस्टर. एक जण वर चढून फिरवणार, दुसरा दारात उभा, तिसरा टीव्हीपुढे. "आला का?" "नाही!" "आता?" "आला आला, आता हलवू नको!" आणि हात सोडला की चित्र गेलं. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी साडेनऊला सगळी गल्ली एका घरात. पप्पा तेव्हा शाळेत होते. चाळीस-पन्नास माणसं एका खोलीत, टीव्हीचा स्पीकर एकच, तोही बाजूला बसवलेला. तरी सगळ्यांना सगळं समजायचं. मी म्हणलं कसं काय? तर म्हणाले, "अरे कुणी बोलायचंच नाही ना."

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, आपल्या मराठवाड्याची. त्या काळात टीव्ही म्हटलं की लोकांना मुंबई-दिल्ली नाहीतर जपान आठवायचं, पण व्हिडिओकॉन आपल्याकडचा. नंदलाल धूत यांचं कुटुंब, तोशिबाकडून तंत्रज्ञान आणलेलं, आणि कारखाना औरंगाबादजवळ पैठण रोडवर चितेगावला. परतूरहून रेल्वेने काही तासांवर. आमच्या आसपासच्या कितीतरी पोरांना आयटीआय करून तिथे लागायचं स्वप्न होतं. टीव्ही, वॉशिंग मशीन, पुढे डीटीएच. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याची कारणं हा वेगळा एपिसोड होईल, त्यात बँका येतात, टेलिकॉम येतं. पण घरात पहिला रंगीत टीव्ही कुठला होता हे मराठवाड्यातल्या दहा घरांत विचारून बघा, आणि उत्तर मला सांगा.

आता माझा आवडता भाग. व्हिडिओ.

आजच्या पोरांना व्हिडिओ म्हणजे रील. पप्पांच्या पिढीत 'व्हिडिओ आणला' म्हणजे रात्रभराचा कार्यक्रम. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट, सगळं भाड्याने. सायकलच्या कॅरियरवर गादीत गुंडाळून टीव्ही यायचा. गणपतीत, लग्नात, बारशाला, कुणी दुबईहून आला तर उगाचच. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स काढलं, जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटाचं चित्र जास्त चांगलं असं सगळे म्हणतात, पण सुरुवातीला त्याच्या कॅसेटवर एकच तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. आपल्याकडच्या व्हीएचएसवर तर तीन तास. तीन तास म्हणजे काय, सांगायची गरज आहे का? एक अख्खा हिंदी पिक्चर, गाण्यांसकट.

ही मशीन चालवणारा माणूस गावात हिरो असायचा. चित्रात पांढऱ्या रेषा आल्या की तो ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवणार. तरी नाही गेल्या तर झाकण उघडून हेड साफ करणार, स्पिरिटने, आणि स्पिरिट नसेल तर कोऱ्या नोटेने. पप्पा सांगतात, सगळे श्वास रोखून बघायचे, जसं काही ऑपरेशन चाललंय. कॅसेटी बहुतेक चोरीच्या, हे उघड आहे. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. सरकारने १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला तो याच व्हिडिओ चोरीमुळे. कॉपी जितकी पुढची, तितका टेपचा 'स्स्स' असा आवाज जास्त.

या 'स्स्स'वरून एक आडवळण घेतो. टेपमधला तो आवाज कमी करायची युक्ती ज्याने काढली तो रे डॉल्बी. होय, तोच, ज्याचं नाव पिक्चरच्या आधी येतं. आणि आपल्या गणपतीत भिंती हलवणाऱ्या 'डॉल्बी'ला ज्याचं नाव उगाच चिकटलंय. तो १९६३ ते ६५ भारतात होता, युनेस्कोचा सल्लागार म्हणून, चंदीगडच्या सरकारी उपकरण संस्थेत. इथून लंडनला गेला आणि १९६५ मध्येच कंपनी काढली. ज्या माणसाने आयुष्य गोंगाट कमी करण्यात घालवलं, त्याच्या नावाने आपण सर्वात जास्त गोंगाट करतो.

व्हिडिओनंतर आला डेक. नव्वदच्या दशकात आणि पुढेही. गावातलं खरं होम थिएटर हेच, कंपनीचं नाही, जुळवलेलं. एखादा मेकॅनिक पोरगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर संभाजीनगरहून सामान आणायचा. ट्रान्सफॉर्मर, बोर्ड, आयसी, स्पीकर. लाकडी पेटीत बसवायचा आणि पुढे निळ्या लायटी. बास पाहिजे असेल आणि पेटीला पैसे नसतील तर स्पीकर सरळ माठावर पालथा. हसू नका, याला शास्त्र आहे. माठाचं पोट आणि तोंड मिळून ठरावीक जाड आवाज घुमवतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच मांडलं. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला मास्तर फळ्यावर समीकरण लिहीत होते आणि मला आमच्या मामाच्या ट्रॅक्टरवरचा माठ दिसत होता.

याच काळातली एक मोठी थाप म्हणजे पीएमपीओ. बॉक्सवर ठळक लिहिलेलं असायचं, पाच हजार वॅट. घरातल्या मिक्सरला पाचशे वॅट लागतात आणि हे पाच हजार? पीएमपीओ म्हणजे एका क्षणापुरता, कागदावर काढलेला आकडा, आणि तो कसा काढायचा याचा कुठलाही पक्का नियम नव्हता. खरा आकडा आरएमएस. त्या पेट्यांमध्ये सर्रास जो टीडीए२०३० नावाचा आयसी असायचा, तो चौदा वॅटच्या आसपास देतो. अजूनही ऑनलाइन काही घ्यायला गेलात तर आरएमएस बघा, नसेल लिहिलेला तर पुढे सरका.

मग व्हीसीडी आली. एका सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं, म्हणून पिक्चरच्या दोन-तीन सीडी आणि ऐन मारामारीत "दुसरी टाक रे." माझं लहानपण इथे. लोडशेडिंग असायचं, क्लायमॅक्सला लाइट जायची आणि सीडी प्लेयरच्या पोटातच अडकून राहायची. आणि त्यानंतर डीव्हीडी, जपानमध्ये १९९६ च्या शेवटी, आपल्या गावात खूप नंतर. डीव्हीडीने थिएटरचे ५.१ आवाज घराघरात आणले. पाच स्पीकर आणि तो 'पॉइंट वन' म्हणजे सबवूफर, ज्याला फक्त जाड आवाजाचा छोटा पट्टा मिळतो, म्हणून तो पूर्ण एक मोजत नाहीत.

आता परत मागच्या दिवाळीत या.

बॉक्स उघडले. पहिल्या दिवशी घाई केली आणि पुढचे दोनच स्पीकर लावले, म्हटलं आधी आवाज तरी येऊ दे. आवाज आला, पण असा विचित्र की काय सांगू. बातम्या देणारी बाई कुठून बोलतेय तेच कळेना. आवाज पोकळ, बास गायब. पप्पा दोन मिनिटं बसले आणि म्हणाले, "याच्यापेक्षा टीव्हीच बरा होता." एवढे पैसे घालून हे ऐकायचं!

रात्री अकराला टॉर्च घेऊन बघितलं. डाव्या स्पीकरची लाल आणि काळी तार मी उलटी लावली होती. सॉफ्टवेअरवाला आहे, तारा फार लावलेल्या नाहीत. उलटी तार म्हणजे काय होतं? उजव्या स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा डाव्याचा मागे जातो. दोघं एकमेकांना खोडतात. तो जो मधला भास सांगितला ना, तोच मोडतो.

गंमत अशी की जी माझी चूक, तीच डॉल्बीवाल्यांची युक्ती. सत्तरच्या दशकात पिक्चरच्या रिळावर दोनच आवाजांना जागा होती आणि पाहिजे होते चार: डावा, मधला, उजवा आणि मागचा. त्यांनी काय केलं? जो आवाज दोन्हींत सारखा आहे तो मधला समजायचा. जो दोन्हींत आहे पण उलटा, तो मागचा. चार आवाज दोनात घडी घालून ठेवले आणि थिएटरात घडी उलगडली. १९७७ चा 'स्टार वॉर्स' यानेच गाजला. घरासाठी १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड आलं, पण त्यात मधला स्पीकर नव्हता. तो आला १९८७ च्या प्रो लॉजिकमध्ये. म्हणजे इकडे गल्ली 'रामायण' बघत होती त्याच वर्षी.

मी हे वाचत बसलो आणि डोक्यात लाइट पेटली. पप्पा बघतात काय? जुने पिक्चर, जुनी भजनं, बातम्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच आवाजात रेकॉर्ड केलेल्या. डावं आणि उजवं सारखंच. मग रिसीव्हरला प्रो लॉजिकवर टाकलं तर तो सगळं बोलणं उचलून मधल्या स्पीकरला देणार! आणि त्या एका स्पीकरचा आवाज मी वेगळा वाढवू शकतो.

पण त्याआधी खोलीचं बघावं लागलं. आमची पुढची खोली म्हणजे स्लॅब, फरशी, चार उघड्या भिंती. टाळी वाजवली की टाळीमागे 'टर्रर्र' असा आवाज येतो. तुमच्याही खोलीत वाजवून बघा. प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर सांडतो. तरुण कान ते वेगळं काढतात, थकलेले कान नाही. ऑनलाइन लोक महागडे फोम लावा म्हणतात. आईने ट्रंकेतून आजीच्या दोन वाकळा काढल्या. एक मागच्या भिंतीला टांगली, एक खाली टीव्हीपुढे. परत टाळी वाजवली, 'टर्रर्र' अर्ध्यावर. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर एकावर एक शिवलेले.

मधला स्पीकर टीव्हीखाली स्टुलावर ठेवला आणि पुढून जरा वर तिरका केला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत. मागचे दोन स्पीकर बाजूला, कानापेक्षा थोडे वर. सबवूफर आधी कोपऱ्यात ठेवला तर नुसता घूं घूं, कारण कोपऱ्यात जाड आवाज फुगतो. तो बाहेर ओढला आणि त्याचा आवाज जवळजवळ बंद केला. त्यातच एक बारीक 'हूं' सतत येत होता. बोर्ड उघडला तर थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकाला तारच नाही! बाहेरून आर्थिंग दिसतंय, आतून काही नाही. वायरमनकाकांना बोलावून आधी आर्थिंग करून घेतलं. हे तर थिएटरपेक्षा महत्त्वाचं काम झालं.

शेवटी सेटिंग. मधला स्पीकर चार डेसिबल वर. 'नाइट मोड' चालू, जो मोठा आणि बारीक आवाज यांच्यातलं अंतर कमी करतो, म्हणजे कुजबुज ऐकू येते आणि स्फोटाने कुणी दचकत नाही. बास कमी. जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो, आणि 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरं सगळी बारीक आवाजात राहतात. मशीनच्या गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी हाच पट्टा जातो. म्हणून पप्पांना आवाज येत होता पण शब्द कळत नव्हते. मी इतके दिवस त्यांना म्हणत होतो, "अहो पप्पा, एवढा मोठा तर आहे आवाज." मोठा होता. पण चुकीचा पट्टा मोठा होता. आजीचा कर्णा मी पन्नास हजार घालून परत बनवत होतो.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर लावला. पप्पा दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. आवाज बावीसवर होता. पाच मिनिटं उभे, मग खुर्चीच्या हातावर टेकले, मग बसले. मी मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घातलं. एका जागी पडद्यावरच्या माणसाने काहीतरी टोमणा मारला आणि पप्पा हसले. आईच्या आधी.

सगळं सुटलं असं नाही सांगत. नव्या वेब सिरीजमध्ये लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, तिथे माझं सेटिंग हरतं. समोरासमोरचं बोलणं तर स्पीकरने सुधारत नाहीच. जानेवारीत त्यांना जालन्याला नेऊन कानाची तपासणी केली. त्यांनी तो आलेख हातात धरला, रेष उजवीकडे कशी खाली उतरते ते बघितलं आणि विचारलं, "हे जिनिंगनं केलं का?" डॉक्टरीण हो म्हणाल्या. पप्पा म्हणाले, "तरी तीस वर्षं चाललं की." मशीन आता मोजून घेतलंय, दोन्ही कानांचं. लग्नकार्यात काढून खिशात ठेवतात, डॉल्बी लागला की.

परवा फोन केला तर उचललाच नाही. दहा मिनिटांनी त्यांचाच आला. मी विचारलं, "काय करायलात?" मागून कुठल्यातरी जुन्या पिक्चरचा डायलॉग ऐकू येत होता, स्वच्छ, फोनवरूनसुद्धा. म्हणाले, "थांब जरा, गाडी चाललीय, काही ऐकू येईना." मग आम्ही दोघं गाडी जाईपर्यंत थांबलो.